अर्ध्या शटरचा माणूस

"कधी खायची?" हुस्नानं विचारलं.

गाडीतून उतरलेला माणूस सीताफळांकडे बघतच नव्हता. तो रस्त्यापलीकडच्या, अर्धं शटर ओढलेल्या दुकानाकडे बघत होता.

"आजच. सोलापूरला पोचलो की."

"मग ही घ्या. लई गोड हायत." तिनं मऊ झालेली चार फळं पुढं केली.

त्यानं ती बाजूला सारली. ढिगातली टणक फळं अंगठ्यानं दाबून पाहत त्यानं स्वतःच निवडली. अशी फळं पिकायला दोन दिवस तरी लागतात.

हुस्नानं ती पिशवीत भरली. चौसाळ्याच्या हमरस्त्यावर सीताफळं विकणारी कुठलीही बाई हा प्रश्न आधी विचारते. उत्तरावरून फळ निवडायचं असतं, म्हणून कुणी त्यात खोटं बोलत नाही. हा बोलला होता. हा आज कुठंही जाणार नव्हता.

"इथं बाहेरून येऊन राहिलेलं कुणी आहे का, मावशी? एकटेच गृहस्थ. सरकारी नोकरीतले. आमचे नातेवाईक आहेत."

"नाव काय त्यांचं?"

"बदललं असेल. आम्ही त्यांना कधी पाहिलेलं नाही."

"आता गं बाई! नातेवाईकाचं नाव ठाऊक न्हाई?" ती हसली. तो हसला नाही. "असं कुणी न्हाई हितं."

"कावून न्हाई?" शेजारच्या टपरीतून चहावाला आसाराम ओरडला. "हरिओम घड्याळवाला हाय की! दिल्लीला गुप्त खात्यात साहेब होता. मोठमोठ्यांची नावं उघडी केली अन् पळून आला. बघा की, भर दुपारी शटर अर्धं! माणसाच्या तोंडाकडं न्हाई, मनगटाकडं बघतंय."

"आसाराम, तुझ्या जिभेला हाड हाय का न्हाई?"

"मला कशाला बोलता, आपा? तुमीच तर सांगितलतं."

खरं होतं. ही बातमी तिच्याच फळांच्या गाड्यावरून गावात गेली होती. गावातल्या म्हाताऱ्या रहेमतबीची भाची म्हणून हुस्ना इथं राहायला आली, त्याच्या मागोमाग हरिओमनं दुकान थाटलं. एकटा, अबोल माणूस. तेव्हा ती बातमी नुसती एक गोष्ट होती. आता तिला पाय फुटले होते.

तो माणूस गाडीकडे वळून फोनवर बोलू लागला. हुस्नानं फळांवर गोणपाट टाकलं, रस्ता ओलांडला आणि वाकून शटरखालून आत शिरली.

"हरिओमभाऊ, उठा. बीडची एसटी लागलीय. बसा तिच्यात."

हरिओमनं डोळ्याला लावलेलं भिंग काढलं नाही. "कुणाचं लगीन हाय?"

"तुमाला शोधायला माणसं आलीत."

"मला? माझी बायको सोडून गेली, आपा, तिनं कधी शोधलं न्हाई. परकी माणसं कशाला शोधतील?"

"गाव तुमाला गुप्त खात्यातले समजतंय."

"मला ठाऊक हाय ते. पोरं सलाम ठोकत्यात." तो ओशाळून हसला. "म्हणलं, ठोकू द्या. आजवर कुणी काही समजलं न्हवतं मला. शटर उघडलं की घड्याळात धूळ जाती, एवढंच माझं गुपित."

"थट्टा न्हाई ही. उठा म्हणते ना."

तेवढ्यात शटर खडखडत वर गेलं. दारात दोन माणसं उभी होती, तो गाडीवाला आणि त्याचा साथीदार.

"चला, साहेब. बरंच फिरवलंत."

हरिओमला आधी हसू आलं. दुसऱ्यानं दंड धरल्यावर ते मावळलं. "अहो, मी घड्याळवाला! सेल टाकतो, पट्टे बदलतो. विचारा कुणालाबी."

"विचारलं," पहिला म्हणाला. "अन् लपलेला माणूस असंच बोलतो."

तो जितका नाकारत गेला, तितकी त्यांची खात्री होत गेली. त्यांनी त्याला ओढत नेऊन गाडीत कोंबलं. आसाराम हातात किटली घेऊन टपरीतच उभा राहिला. गाडीच्या काळ्या काचांकडे बघून बाकीचेही पुढं आले नाहीत.

बीडची एसटी अजून उभी होती. हुस्ना तिच्या उघड्या दाराकडे बघत राहिली. एका माणसानं आत्ता त्या दारातून आत पाऊल टाकलं असतं, तर त्याचा माग कुणालाच लागला नसता. कंडक्टरनं तिला विचारलं, "येता का, मावशी?" मग त्यानं घंटी मारली आणि एसटी हलली.

"आपा!" हरिओम मागच्या सीटवरून ओरडला. "तुमी तरी सांगा की ह्यांना!"

हुस्ना गाडीपुढं जाऊन उभी राहिली.

"मावशी, बाजूला व्हा. तुमचा काय संबंध?"

तिनं बॉनेटवर हात ठेवला. बोलली तेव्हा तिच्या तोंडी चौसाळ्याच्या बोलीतला एकही शब्द नव्हता.

"त्यांना आधी खाली उतरवा. साहेब म्हणजे पुरुषच, असं तुम्ही धरून बसलात. ज्या अधिकाऱ्याला तुम्ही शोधताय, ती मी आहे."