आरसा धरलेली देवी

तीनशे वर्षांपूर्वीचं म्हणून ते छापचित्र आमच्या संग्रहालयाला विकायला आणलं होतं काकांनी. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कसं कोरतात आणि छापतात, हे मला हाताला धरून शिकवणारे काका. जुन्या पुस्तकांतली कोरी पानं जमवायचा त्यांना भारी नाद. माझं काम कागद आणि शाई तपासण्याचं. माझी सही झाली की खरेदी पक्की.

कागद खरोखरच तेवढा जुना निघाला. शाईतही खोट सापडली नाही.

"तुझी यंत्रं कागदाचं वय सांगतील गं, देवांची ओळख मी करून देतो," असं म्हणत काकांनी एकेका आकृतीवर बोट ठेवलं. "ही चाक फिरवणारी दैवाची देवी. हा डोळ्यांवर पट्टी बांधलेला, प्रेमाचा देव."

"आणि ही आरसा धरलेली?"

"ती सत्याची देवी. तिला नमस्कार कर आणि ठोक सही!"

मी हसत हसत सही ठोकली.

चित्र दालनात लागलं त्या दिवशी फरशी पुसणाऱ्या मावशी त्याच्यापुढे थबकल्या. "अगं बाई, ही आरशावाली तर हुबेहूब तू!" मला हसूच आलं. तरी सवयीने मी भिंग लावून पाहिलं.

 

दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत काचनळी फुटून माझ्या हनुवटीवर पडलेला व्रण सत्याच्या देवीच्या हनुवटीवरही होता. काकांनी टाकेसुद्धा मोजून तीनच कोरले होते.