पाहुणीचं नाक

"दूध!" काकू अंगणातून ओरडल्या. "अगं, दूध लागलंय!"

पाहुणी दचकली. ओट्याकडे पाठ करून ती खिडकीतून समुद्र बघत बसली होती. धावत येऊन तिने गॅस बंद केला तोवर पातेल्याचा तळ काळा झाला होता.

"फोनवर होते," ती ओशाळून म्हणाली. फोन पलीकडच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. काकूंची नजर तिकडे गेली.

बेटावर येऊन तिला थोडेच दिवस झाले होते. हॉटेलात उतरून फोटो काढणाऱ्यांतली ती नव्हती. काका-काकूंच्या लहानशा कॉफीच्या मळ्यातली मागची खोली तिने भाड्याने घेतली, काकूंच्या जुन्या चपला पायात घातल्या आणि कमरेला टोपली बांधून पिकलेली लाल फळं तोडायला लागली. चुकून हिरवं फळ तोडलं की काकू हातावर चापट मारत. जेवताना ती भाजीवर वरून एवढी मिरची घ्यायची की काकू म्हणायच्या, "जीभ आहे की चामडं?"

काकांना मात्र तिची एक गोष्ट फार आवडली होती. रोज सकाळी ती कोठारात जायची, भाजलेल्या कॉफीचं पोतं उघडायची आणि डोळे मिटून त्यात तोंड खुपसायची. बराच वेळ तशीच उभी असायची. इतकं दर्दी माणूस त्यांच्या मळ्यात यापूर्वी कधी आलं नव्हतं.

म्हणून एका सकाळी, काकू लांब आहेत असं बघून, त्यांनी तिला झाडांच्या रांगेत गाठलं.

"पोरी, एक काम आहे. पण हिला कळता कामा नये."

"काय झालं, काका?"

"तू यायच्या आधी ताप आला होता, त्यात माझं नाक गेलं. वास म्हणून येत नाही. मागच्या मालाचा पार कोळसा केला मी, आणि खापर फोडलं ओल्या लाकडांवर."

या घरात निवडणं काकूंचं आणि भाजणं काकांचं, हे लग्नापासून ठरलेलं. भाजायचं पिंप चहूबाजूंनी बंद, आतलं काही दिसत नाही. बिया तडतडलेल्या कुणालाही ऐकू येतात. त्यानंतर त्या नेमक्या कधी काढायच्या, ते नाकच सांगतं. जरा उशीर झाला की माल कडूजार.

"शनिवारी व्यापारी येतोय," काका म्हणाले. "या खेपेला त्याने नाक मुरडलं तर मळा विकून मुलाकडे जायचं ठरलंय. समुद्रापलीकडे, सातव्या मजल्यावर. तिथे काय कुंडीत शेती करू? तू नुसती पिंपापाशी उभी राहा. वेळ झाली की 'आता' म्हण."

पाहुणीचा चेहरा उतरला. "काका, मला नाही जमायचं. माझं नाक..."

"शहरातलं आहे, माहितीये! धुरात मुरलेलं. तरी माझ्यापेक्षा बरंच असेल." ते हसले, पण नकळत त्यांनी एक हिरवंच फळ तोडून टोपलीत टाकलं. तिने ते पाहिलं आणि पुढचे शब्द गिळले.

"बघते," ती म्हणाली.

दुपारी काकांनी मोठ्याने जाहीर केलं की पाहुणीला भाजणं शिकायचंय. काकूंनी भुवया उंचावल्या. मग सूप उचलून त्या थेट भट्टीच्या दारात येऊन बसल्या.

"इथे उजेड बरा आहे," त्या म्हणाल्या. आजवर त्या तिथे कधीच बसल्या नव्हत्या. काकांचं धाबं दणाणलं.

पिंप फिरू लागलं. दारात सुपाची फटफट चालू होती. बिया तडतडल्या. पाहुणीला घाम फुटला. काकूंनी पाखडणं थांबवून तिच्याकडे रोखून पाहिलं, तशी ती आणखीच गोंधळली. तिने "आता" म्हटलं तोवर पहिला घाणा हातचा गेला होता.

दुसऱ्या घाण्यालाही काकूंनी सूप थांबवून तसेच डोळे वटारले. या वेळी मात्र पाहुणी झटकन म्हणाली, "आता!"

बिया बाहेर आल्या. रंग बघून काका हरखले.

"हिला संशय आलाय," ते कुजबुजले. "तू तिच्याकडे बघूच नकोस."

शनिवारी व्यापारी आला आणि पाय पसरून भट्टीपाशीच बसला. माल डोळ्यांदेखत भाजून हवा होता त्याला. पिंप तापलं. सूप चालूच होतं.

"वहिनी, ते सूप जरा थांबवा हो. कान किटले."

"मी थांबले तर निवडायचं कुणी? तुम्ही?" काकू म्हणाल्या आणि दुप्पट जोराने पाखडू लागल्या.

तडतड सुरू झाली आणि ओसरली. काकांनी पाहुणीकडे पाहिलं. काकूंनी सूप खाली ठेवलं आणि पाठ मोकळी केली.

"आता!" पाहुणी म्हणाली.

भाजलेली कॉफी गार होईपर्यंत व्यापारी घड्याळ बघत बसला. मग ती दळून, उकळून कपात आली. व्यापाऱ्याने मोठा भुरका मारला. दुसरा मारला.

"पुढच्या वर्षीचाही सगळा माल माझा," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नका."

काका मटकन पोत्यावर बसले. डोळे भरून आले होते त्यांचे. व्यापारी गेल्यावर त्यांनी पाहुणीच्या पाठीवर थाप मारली आणि हवं तितके दिवस राहा म्हणून सांगितलं.

ती हसतच स्वयंपाकघरात गेली. काकू पातेल्याचा काळा तळ घासत होत्या.

"दूध आजही लागलं," त्या म्हणाल्या.

"फोनवर..."

"राहू दे गं." काकूंनी पातेलं उपडं घातलं आणि ओल्या हाताने तिचा गाल कुरवाळला. "ह्यांच्यासारखा तुलाही वास येत नाही, हे मला पहिल्याच पातेल्याला कळलं. पोत्यात तोंड घालणं सोडू नकोस, येईल एक दिवस. तोवर माझं सूप थांबलं की 'आता' म्हणत जा, आणि ह्यांना कळू देऊ नकोस."