डावीकडे जाणारी तार

"विशाखाताई, रंगाच्या चौकोनाची तार ढोलकीच्या चौकोनाला जोडायची होती. तुमची पुन्हा डावीकडेच गेली," गावंडे सर पडद्यावरून म्हणाले. "तिथे तर काहीच नाही."

आवाजातून पडद्यावर चित्रं उमटवायला शिकवणारा हा ऑनलाइन क्लास होता; त्यासाठी चौकोन तारांनी जोडायचे. माउस कधीच इतिहासजमा झाला होता. कपाळावरची पट्टी मनाचा ओढा ओळखायची आणि तार तिकडेच जायची. विशाखाच्या डावीकडे आतली खोली होती. तिथे तिचे वडील, आप्पा, सकाळपासून खोकत होते.

शेवटी वैतागून तिने डावीकडेच माइकचा चौकोन ठेवला. तार झटकन त्याला चिकटली. आता प्रत्येक खोकल्यासरशी पडद्यावर निळं वर्तुळ फुटू लागलं. सर खूश झाले.

मग वर्तुळं थांबली.

"वा, काय शांतता साधलीत!" सर म्हणाले, तोवर ती कपाळावरच्या पट्टीसकट आत धावली होती.

आप्पा तोंडात टॉवेलचा बोळा कोंबून लालबुंद होऊन बसले होते. तिने तो ओढून काढला.

"तुझा क्लास बिघडेल म्हणून..." ते धापा टाकत म्हणाले.

"आधी खोका!" ती ओरडली.

ते खोकले. बाहेरून सरांचा आवाज आला, "ताई, निळं वर्तुळ परत आलं! पण तार डावीकडून पडद्याबाहेर कुठे चाललीय?"