कुसाबाईची उंची

"आज कुसाबाई कोण होणार, ते आधी ठरवा," सरिता म्हणाली. "कंपनीचा साहेब कधीही येईल."

वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात तिघी म्हाताऱ्या रांगेनं बसल्या होत्या. फुलाबाई भलतीच उंच, ती बाद. बयाबाईला खोटं बोलताना हसू फुटायचं. राहिली भागीबाई. विंचूरच्या कांदा मार्केटात उभी हयात गेलेली, कुणाला हार न जाणारी.

खरी कुसाबाई पावसाळ्यातच गेली होती. मुलगा आहे, एवढंच ती सांगायची. कुठं आहे, ते तिलाही ठाऊक नव्हतं. आश्रमाचा कारभार बघणाऱ्या सरितानं शोध घेतला, तिच्या गावी, हरसूलला, दोन खेपा केल्या, पण फोन नंबरसुद्धा मिळाला नाही. शेवटी अमरधामात मडकं खांद्यावर घेऊन सरिताच फिरली.

कुसाबाईच्या मागं राहिला तो चष्मा. डोळ्यांवर बांधायचं ते जाडजूड यंत्र, पण आश्रमात त्याचं नाव चष्माच. गेल्या वर्षी पार्सलनं आला. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, परवाना मात्र कुसाबाईच्या नावानं आत भरलेला. चष्मा लावून ब्राउझरमधलं एक पान उघडलं की हरसूलचं तिचं अंगण चहूबाजूंनी उभं राहायचं. मान वळवावी तिकडं गोठा, न्हाणी, जास्वंद. त्या भागात कुणा संस्थेचे लोक शूटिंग करून गेले होते, त्यांचंच हे काम असणार, असं सरिता म्हणायची. कुसाबाई मात्र रोज दुपारी तिथं जाऊन यायची.

ती गेली आणि या तिघी जायला लागल्या. पानाच्या कोपऱ्यात कुसाबाईच्या नावापुढं हिरवा ठिपका पेटायचा. कधीकधी त्याच्याखाली आणखी एक ठिपका पेटायचा, त्याला नाव नसायचं. ती कंपनीची नजर, असं बायकांनी ठरवून टाकलं होतं. तो पेटला की फुलाबाई पदर सावरून बसायची.

आणि मग खरंच कंपनीची मेल आली. नव्या ब्राउझरमध्ये जुन्या चष्म्यांना सपोर्ट मिळणार नाही. ज्यांचा परवाना चोख, त्यांच्यापुरताच तो चालू ठेवू. परवाना एकाच माणसाचा असतो, दुसऱ्याला देता येत नाही. आणि चष्मा मोजतो ती तुमच्या कुसाबाईंची उंची एका दुपारी तीनदा कशी बदलते? आमचा माणूस येऊन खात्री करून घेईल.

तेव्हापासून सरिताच्या जिवाला घोर लागला होता. खोटं बोलणं तिला पचत नव्हतं. पण गुडघे गेलेल्या या बायकांना फाटकाबाहेर नेणारं कुणी नव्हतं. काचेतलं का होईना, एक अंगण होतं त्यांना. तेही काढून घ्यायचं म्हणजे फारच झालं.

माणूस रिक्षातून उतरला. पन्नाशीचा, साधा शर्ट, खांद्याला बॅग.

"कुसाबाईंना भेटायचं होतं."

"कंपनीकडून ना? मेल मिळाली आम्हाला," सरिता घाईघाईनं म्हणाली.

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "चष्मा नीट चालतोय ना?"

"अगदी! रोज लावतात त्या. या बघा, याच कुसाबाई."

भागीबाईनं हात जोडले. तो बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला. आता आधार कार्ड मागितलं तर संपलंच सगळं. पण त्यानं काही मागितलं नाही. खुर्ची ओढून तो बसला.

"अंगण दिसतं?"

"दिसतं की! न्हाणीपाशी लाल जास्वंद हाय. गोठ्याचं दार एकाच बिजागरीवर लोंबतंय. ओट्यावर उखळ हाय, काठ फुटलेलं."

"काठ कसा फुटला?"

"पोरानं फोडला. बारकूनं. पोळ्याच्या दिवशी धोंडा घातला मेल्यानं."

सरितानं सुटकेचा निःश्वास टाकला. कुसाबाईनं सांगितलेलं सगळं भागीबाईला तोंडपाठ होतं.

"आता कुठं असतो तो?" माणसानं विचारलं.

याची भागीबाईची तयारी झालेली नव्हती. मग कुसाबाई याच व्हरांड्यात बसून जे म्हणायची, तेच तिनं सांगितलं.

"म्हाईत नाय. त्यानं आपल्या मनानं लगीन केलं, तर म्या सुनेला उंबऱ्यावरनं हाकललं. चूक माझीच. राग कवाच गेला, साहेब, पण निरोप कुठं धाडू? म्हणून रोज अंगणात जाऊन बसते. आला, तर दार उघडं दिसंल त्याला."

बयाबाईला या वेळी हसू आलं नाही. तो माणूस खाली मान घालून बसून होता. मग उठला आणि भागीबाईच्या पायांना हात लावून व्हरांड्याच्या पायऱ्या उतरला.

सरिता त्याच्या मागोमाग गेली. "खात्री झाली ना, साहेब?"

"झाली." त्यानं बॅगेतून अगदी तसाच एक चष्मा काढून तिच्या हातात ठेवला. "हाही राहू द्या इथं. मला आता लागणार नाही. त्यांना जाऊ द्या अंगणात, परवान्याचं मी बघतो."

सरिताला रडूच फुटलं. "फार उपकार झाले."

तो पायरीवर टेकला. बूट घालता घालता त्याचा हात थांबला. मान वर न करता त्यानं विचारलं, "ताई, आईला अग्नी कोणी दिला?"