नको म्हटलेलं नागपूर

"वहिनी, सर कुठे आहेत? पहिला पेढा त्यांना!" म्हणत ताकसांडे दारातच बूट काढू लागला. मृण्मयीचा नवरा ज्या विमान कंपनीत पायलट होता, त्याच कंपनीतला हा तरणा पायलट, नागपूरचाच.

"लेकीला घेऊन खाली झोक्यावर गेलाय. पेढे कसले?" मृण्मयीने विचारलं.

"मला नागपूर बेस मिळाला! आता ड्युटी इथूनच, जेवण रोज आईच्या हातचं. सगळी सरांची कृपा."

मृण्मयीचं हसू ओठांवरच राहिलं. लग्नापासून नवऱ्याचा बेस दिल्ली. सुट्टी मिळाली आणि विमानात एखादी जागा उरली, तरच तो घरी यायचा. "नागपूरचा बेस उघडू दे, मग रोज घरी," या त्याच्या शब्दावर तिने पुण्याची नोकरी सोडली होती, त्याच्या शहरात येऊन एकटीने लेक वाढवली होती.

"सरांची कृपा कशी?"

"अहो, जागा एकच होती. आधी सिनियरला विचारतात. सर म्हणाले, मला दिल्लीच बरी. म्हणून तर माझ्यापर्यंत आली." तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो अडखळला. "तुम्ही दोघांनी मिळूनच ठरवलं असेल ना?"

"हो तर," ती म्हणाली. "बसा, चहा टाकते."

तेवढ्यात लेकीला खांद्यावर घेऊन नवरा आत आला. ताकसांडेला पाहून त्याचा चेहरा उतरला. तरी उसनं हसत म्हणाला, "अरे वा, पेढे कशाचे?"

मृण्मयीने लेकीला आपल्याकडे घेतलं आणि एक पेढा त्याच्या तळहातावर ठेवला.

"आमच्याजवळ राहायला नको म्हणालास ना," ती हळूच म्हणाली, "त्याचे."