वितेला एक बोट

रंगनाथनं अर्धवट झालेला लाकडी डबा रुळाशेजारच्या स्लीपरवर ठेवला. त्याच्यापुढं पोराच्या, चेतनच्या वेळचा, पुरा झालेला मालडबा लावला आणि दोन पावलं मागं सरकून बघितलं. नवा डबा खुजाच दिसत होता. वरातीत पुढं बैल चालावा आणि मागं करडू, तसं. चूक त्याला घरीच कळली होती, पण माणूस स्वतःला फसवायची एक तरी संधी सोडत नाही.

सायडिंगवर आता खरा डबा एकच उरला होता, शेवटी लागणारा गार्डाचा. कोळशाच्या इंजिनांमागं उभा जन्म धावलेला, तांबडा रंग पोपडे धरून सुटलेला. त्याच्या आधीचे सातही कापून झाले होते आणि त्यांचा पत्रा पलीकडं ढीग होऊन पडला होता. कापणारा छगन बाभळीखाली बिडी ओढत बसला होता.

"जेवणापस्तोर थांबतो काका," तो म्हणाला. "त्याच्यापुढं मुकादम मलाच कापंल. टेप देऊ का मोजायला?"

"टेपाचं काम न्हाई," रंगनाथ म्हणाला.

नव्हतंच ते टेपाचं काम. पहिला डबा करायला घेतला तेव्हा घरात टेप नव्हता, म्हणून चेतननं यार्डातला डबा वितेनं मोजला. रंगनाथनं एका वितेला आपलं एक बोट धरून लाकूड कापलं. पोराची वीत आणि बापाचं बोट, असं माप ठरलं ते ठरलं. पुढं टेप आला तरी दोघांनी तो घेतला नाही. दारावर जितके रिव्हेट तितकीच खिळ्यांची डोकी ठोकायची, पायरी अर्धं बोट चुकली तरी उखडून पुन्हा लावायची. असे सात डबे झाले. आठवा, गार्डाचा, मोजायचा राहिला आणि श्रावणात काविळीनं चेतन गेला. नुकतं कुठं मिसरूड फुटलेलं पोर.

मग आठव्या डब्याला रंगनाथनं स्वतःची वीत लावली. रुळांचे सांधे बदलायचे लोखंडी दांडे ओढून ओढून त्याचा पंजा फावड्यासारखा झालेला. वीत मोठी, म्हणून विती कमी भरल्या, म्हणून डबा लहान झाला. आता ज्यांच्याशी ताडून चेतनची वीत काढावी ते यार्डातले सातही डबे भंगारात गेले होते.

कुणी म्हणेल, एवढं काय त्या खेळण्याचं. पण रंगनाथ पॉइंट्समन होता. इंजिन धडाडत पुढं गेलं म्हणजे गाडी आली असं तो धरत नसे. मधेच जोड तुटून डबे मागं राहिले तर? शेवटच्या डब्यामागचा दिवा डोळ्यांनी बघायचा, मगच मास्तरांना सांगायचं की गाडी पुरी आली. चेतनची गाडी अजून पुरी आली नव्हती.

क्वार्टरकडून त्याची बायको मुक्ताबाई भाकरी घेऊन आली. पोरगं गेल्यापासून तिनं फळीवरच्या त्या डब्यांना फडकंसुद्धा लावलं नव्हतं. ती स्लीपरपाशी थांबली.

"ह्यो बारका का?"

"माझ्या हातानं मोजला."

"मंग त्याच्या हातानं मोजायचा."

"कुठनं आणू त्याचा हात?" रंगनाथ खेकसला. लगेच त्याचं त्यालाच वाईट वाटलं आणि तो खाली बसला.

मुक्ताबाईनं भाकरीचं फडकं खडीवर ठेवलं. पदराला तळवा पुसला. गार्डाच्या डब्याच्या कोपऱ्याला तिनं अंगठा टेकवला आणि बोटं ताणली. आश्विनातल्या उन्हानं पत्रा तापला होता.

"दवाखान्यात हाताला हात लावून बसायची मी," ती पत्र्याकडं बघतच म्हणाली. "पंज्याला पंजा. टोकाला टोक यायचं. पोरगं माझ्याएवढं कधी झालं, मलाच कळलं न्हाई."

"बोलली न्हाईस कधी."

"तुमी त्या फळीकडं तोंड करून बसायचा. बोलू कुणाशी?"

रंगनाथ उठून तिच्या शेजारी उभा राहिला.

"लाभ," मुक्ताबाई म्हणाली. धान्य मोजताना पहिल्या मापाला म्हणायचं तेच तिच्या तोंडून आलं. मग "दोन". मग "तीन". अंगठा उचलून करंगळीपाशी ठेवायचा, पुन्हा बोटं ताणायची. दारापाशी आली तेव्हा तिचा आवाज बसला. पुढच्या विती नुसते ओठ मोजत गेले आणि रंगनाथ ओठांकडं बघून आकडा धरत गेला. घाई दोघांनाही नव्हती.

पलीकडच्या कोपऱ्याशी ती थांबली. "आता वीत बसत न्हाई."

उरलेल्या जागेत रंगनाथनं तिच्या करंगळीला लावून आपली बोटं ठेवली. तीन बसली.

"वर तीन बोटं," तो म्हणाला आणि त्याला एकदम भडभडून आलं.

छगन बिडी विझवून पत्रा कापायची नळी घेऊन आला. गॅस सोडून त्यानं ज्योत पेटवली.

"झालं का माप, काका?"

"झालं."

"मंग हात काढा. पोळंल."

रंगनाथनं बायकोकडं बघितलं. "काढ आता."

"काढते की," मुक्ताबाई म्हणाली. "तुमी काढा आधी."

दोघांचे हात तापल्या पत्र्यावर होते तसेच राहिले. छगननं चावी फिरवून ज्योत बंद केली.