कापूर डावा की उजवा

"घाई हा विज्ञानाचा पहिला शत्रू आहे!" पिंपळापुऱ्यांनी जाहीर केलं आणि नाकावरून ओघळलेला घाम बाहीनं पुसला. भोपाळचा मे महिना, आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेत एसीची खोली एकच. ती त्यांच्या जुन्या यंत्राला मिळणार की सहकारी वंदनाच्या नव्याला, हे आज जीएमसाहेब ठरवणार होते. आपले दोन हात सारखे असूनही एक डावा, एक उजवा. कापराच्या रेणूंचंही तसंच. बाटलीतला कापूर कुठल्या हाताचा, ते दोन्ही यंत्रांना इन्फ्रारेड किरणांनी ओळखायचं होतं. पिंपळापुऱ्यांचं यंत्र एकेक लहर रांगेत उभी करून तपासायचं. वंदनाचं सगळ्या लहरी एकदमच आत घ्यायचं.

वंदनाचं उत्तर सकाळच्या चहाआधी आलं: उजवा. पिंपळापुऱ्यांचं आलं तेव्हा सुटीचा भोंगा वाजत होता. तेही उजवा.

"बघा वंदनाबाई," ते म्हणाले, "तुमचं यंत्र बरोबर आहे, हे शेवटी माझ्याच यंत्राला सिद्ध करावं लागलं."

"हो ना सर. सकाळपासून जीव टांगणीला लागला होता माझा."

निकाल ऐकायला आलेले जीएमसाहेब हसले. "एसी मॅडम को दे दो भाई."

पिंपळापुरे ताठ उभे राहिले. "हरकत नाही! खरा संशोधक उन्हातच तपश्चर्या करतो."

जीएमसाहेबांची पाठ वळली, तसा पिंपळापुऱ्यांनी आवाज खाली आणला.

"वंदनाबाई, आत एक खुर्ची मावेल का हो?"